जात्याचे त्रेचाळीस फेरे

माझ्या घोरण्याविषयी आमच्या गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी गावच्या विहिरीविषयी झाली असती तर तिला उन्हाळ्यातही पाणी राहिलं असतं. आमचं गाव अमडापूरपासून दोन कोसांवर. कुणी पाहुणा येऊन माझ्या घराचा पत्ता विचारू लागला, तर लोक त्याला सांगत की थोडं थांबा, अंधार पडू द्या, मग घर आपोआप सापडतं. ही गोष्ट खोटी आहे. मी एवढा कधीच घोरलो नाही. निदान मी तरी ते ऐकलेलं नाही, आणि जे आपण स्वतः ऐकलं-पाहिलं नाही ते कबूल करू नये, हे मी एकदा पंच म्हणून कोर्टात गेलो होतो तेव्हा शिकलो.

पण माझं खरं दुखणं घोरण्याचं नव्हतंच. माझं म्हणणं असं होतं की मला झोपच लागत नाही. हे सांगितलं की माणसं हसायची. दिवेलागणीनंतर पाठ टेकली की सकाळपर्यंत मी बाजेवर, आणि गाव म्हणे, काय गाढ झोपतो गडी. सकाळी उठावं तर अंग असं, की रात्रभर माझ्यावरून कुणी वखर फिरवला आहे. डोकं जड, तोंड कोरडं. मग दिवसभर पेंगायचो. वखरामागे चालता चालता पेंगलो आहे. न्हाव्यापुढे बसलो की अर्धी दाढी होईस्तोवर माझी मान त्याच्या मांडीवर, त्यामुळे माझा डावा गाल नेहमी उजव्यापेक्षा एक दिवस मागे असे. एकदा जेवताना घास तोंडापर्यंत नेला आणि तिथेच राहिलो. माझी बायको मनकर्णा, तिने तो घास हातातून काढून घेतला, पदराने माझं तोंड पुसलं आणि मला होतो तिथेच आडवा केला. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, मान आखूड, पोट सुटलेलं, बारा एकरांचा मालक. अशा माणसाला बायकोने ताटावरून आडवं करणं शोभत नाही.

अशात सरकारची जाहिरात आली. महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, वतनं गेली होती, आणि आता पोलीस पाटील पिढीजात नसून अर्ज मागवून नेमायचा होता. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याने अर्ज करावा. मी चाळिशी गाठल्यावर चिंतामण गुरुजींच्या वर्गात पाटीवर अक्षरं गिरवली होती. अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला. गावातून दोनच अर्ज गेले, एक माझा आणि एक पंजाबरावांचा. पंजाबरावांच्या घरात चार पिढ्या पाटीलकी होती. माझ्या घरात चार पिढ्या त्या पाटीलकीला रामराम होता. ती पाटीलकी मला हवी होती. काय करायची होती ते आज विचाराल तर नीट सांगता येणार नाही. पण रामराम घालणाऱ्याला तो एक ऐकू येतो आणि घेणाऱ्याला दुसराच ऐकू येत असणार, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

पंजाबराव माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला खीळ नव्हती. पारावर बसून तो मला म्हणाला, "कडूबा, तू पाटील झाला तं चोराईचं बरं होईन. घोरणं आयकू येऊन राह्यलं म्हणजे पाटील घरीच हाये. चला, करा चोरी." पार हसला. मीही हसलो, कारण हसलो नाही तर झोंबलं असं दिसतं.

मग चौकशीला सर्कल साहेब आले. चावडीत सतरंजी अंथरली, गाव जमलं, माझा जबाब सुरू झाला. नाव सांगितलं, वय सांगितलं, जमीन किती ते सांगत होतो, एवढंच मला आठवतं. पुढचं लोकांकडून कळलं. मी 'बारा एकर' म्हणालो आणि साहेबांच्या रजिस्टरावर कपाळ टेकलं. साहेबांना वाटलं मी नमस्कार करतो आहे. ते संकोचून म्हणाले, असू द्या, असू द्या. मग मी घोरलो. दौत कलंडली ती त्यानंतर. जागा झालो तेव्हा माझ्या कपाळावर गावच्या नकाशासारखी निळी शाई होती आणि साहेब दुसऱ्या कागदावर लिहीत होते. त्यांनी लिहिलं ते मी उलटं वाचलं, तेवढी तयारी माझी झाली होती. 'अर्जदार झोपाळू वाटतो. प्रकृतीचा सरकारी दाखला घ्यावा. प्रांतसाहेबांनी समक्ष खात्री करावी.' मुलाखत बुलढाण्याला, महिन्याने.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की महिन्याच्या आत मला माणसासारखी झोप लागली पाहिजे आणि दिवसा माणसासारखी जाग.

गावात अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. शेजारी किसनराव म्हणाला, दोष बाजेच्या दिशेचा आहे. आम्ही बाज रोज थोडी थोडी फिरवली. पाचव्या दिवशी ती दारात आडवी आली आणि गाय घरात यायला तयार होईना, तेव्हा हा उपाय गाईच्या बाजूने निकाली निघाला. किसनरावाची बायको शालूबाई म्हणाली, नाकात कोमट तेल सोडा. ते मी सकाळीही सोडलं, म्हणजे गुण लवकर यावा. त्या दिवशी सोसायटीची सभा होती, जुने अध्यक्ष वारले होते, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायची होती. त्या दोन मिनिटांत मला सात शिंका आल्या. कैलासवासी अध्यक्षांच्या मुलाने मला आजपर्यंत माफ केलेलं नाही, आणि त्याचं चुकलं असंही मला वाटत नाही. न्हावी म्हणाला, कानातले केस काढतो. त्याचा घोरण्याशी काय संबंध हे मी विचारणार होतो, पण तोवर मान त्याच्या मांडीवर गेली होती.

शेवटी चिंतामण गुरुजी आले. गुरुजींचा शब्द मी कधी खाली पडू दिलेला नाही. ज्या माणसाने मला माझं नाव दाखवलं, त्याचं म्हणणं मी तपासून काय पाहणार. गुरुजींना स्वतःला झोपेचा त्रास होता आणि अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी खिशातून तपकिरी बाटली काढली. म्हणाले, "कडूबा, तुम्हाला झोप लागत नाही ना? मग झोपेचीच गोळी घ्या. इतकं सरळ गणित आहे." बाटलीवर बरंच काही छापलं होतं, पण मी मराठीत साक्षर झालो होतो आणि बाटली इंग्रजीत होती. मी गणितावर विश्वास ठेवला.

पहिल्या गोळीचा गुण असा आला की सकाळी शालूबाई कपाळाला आठ्या घालून आमच्या ओसरीवर हजर. रात्री काही आवाज नाही, म्हणून तिला वाटलं आम्ही कुलूप लावून गावाला गेलो. मनकर्णा म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा एवढी झोप लागली. माझ्या झोपेबद्दल कुणी विचारत नव्हतं, पण घराला आणि शेजाराला झोप लागली होती एवढं खरं. किसनरावाने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, जसं काही मला मुलगा झाला. मधूनमधून थोडा घोर येतो आणि मग बराच वेळ काहीच नाही, असं मनकर्णाने सांगितलं. आम्ही त्यातलं 'काहीच नाही' तेवढं ऐकलं आणि खूष झालो. आवाज म्हणजे रोग, आवाज गेला म्हणजे रोग गेला. गावात सगळ्यांनी असंच धरलं, आणि पंजाबरावाने दोन दिवस पारावर येणं सोडलं.

दिवसाची पेंग मात्र गेली नाही. उलट वाढली. चौथ्या दिवशी मी सरकी आणायला गाडी जुंपून निघालो. शिवेपर्यंतचं मला आठवतं. आता बैलांविषयी एक सांगायला हवं. ती जोडी मी माझ्या सासरवाडीहून आणली होती, तीन कोसांवरच्या गावाहून. बैलांना मालकाकडून काही हुकूम येईना, तेव्हा त्यांनी आपल्या मनाने निर्णय घेतला आणि ते माहेरी गेले.

माझी सासू अन्नपूर्णाबाई अंगणात डाळ पाखडत होती. तिच्या दारात गाडी येऊन आपोआप थांबली. हाकणारा कुणी नाही. गाडीत जावई उताणा, तोंड उघडं, हात बाहेर लोंबता. तिने सूप टाकलं आणि हंबरडा फोडला. गल्ली धावून आली. मला जाग आली ती त्या रडण्याने, आणि जागा होता होता कानावर पडलं ते हे की मनकर्णाला निरोप कुणी न्यायचा. एक म्हातारा मोठ्या समजूतदारपणे बांबूची चौकशी करत होता. मी उठून बसलो. पुढच्या रांगेतल्या दोन बाया खाली बसल्या. सासूने डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग तिला राग आला.

"जावईबापू, मरायचंच असन तं आपल्या गावाले मरत जा. मही दाळ सांडली ना."

जेवल्याशिवाय तिने सोडलं नाही. जेवताना मी पुन्हा झोपलो. त्या ताटावर काय होतं हे मला अजून ठाऊक नाही.

ही बातमी माझ्या आधी गावात पोहोचली. आता मुलाखतीला सतरा दिवस राहिले होते. मी बसून विचार केला, आणि जो निष्कर्ष काढला तो आज लिहिताना हात अडखळतो. निष्कर्ष असा, की एक गोळी कमी पडते. एका गोळीने रात्र शांत झाली, तर दोन गोळ्यांनी दिवसही शांत होईल. त्रैराशिक मला नुकतंच आलं होतं आणि ते कुठेतरी वापरून पाहायची हौस होती. मनकर्णाला मी सांगितलं नाही. गुरुजींनाही नाही.

मनकर्णा पहाटे उठून दळते. गावात पिठाची गिरणी आली होती, पण भाकरीला तिला जात्याचंच पीठ लागे. माझी बाज पलीकडच्या पडवीत, मध्ये कुडाची भिंत. इतक्या वर्षांत तिचं दळण माझ्या घोरण्याच्या ठेक्यावर बसलं होतं. ओवी ती म्हणे, साथ माझी. त्या पहाटे साथ थांबली. माझं घोरणं अधूनमधून थांबतं आणि मग एक दचका देऊन पुन्हा सुरू होतं, हे तिला ठाऊक होतं. ती जात्याचे फेरे मोजत राहिली. दचका आला नाही. तिने खुंटा सोडला आणि धावली.

पुढचं मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की कुणीतरी माझ्या तोंडात मारत होतं, आणि हवा आत गेली ती अशी, की फाटक्या भात्यात जावी. डोळे उघडले तर किसनराव माझी मान धरून बसला होता, शालूबाई हातात फोडलेला कांदा घेऊन उभी होती, आणि मारणारी मनकर्णा होती. बायकोने मला मारलं हे मी कुठे बोललो नव्हतो, आता लिहूनच ठेवतो. माझे ओठ जांभळासारखे झाले होते, असं शालूबाई वर्षभर सांगत फिरली.

उजाडताना गुरुजी आले. बाटलीतल्या गोळ्या मोजल्या. मग ते अंगणात दगडावर बसले. त्यानंतर उठून त्यांनी स्वतः बैल जुंपले. गुरुजींना बैल जुंपता येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि खरं म्हणजे येत नव्हते, किसनरावाने ते पुन्हा जुंपले.

अमडापूरच्या दवाखान्यात आधी चिठ्ठीच्या खिडकीपुढे रांग. खिडकीतल्या बाबूने विचारलं, तक्रार काय. मी म्हणालो, झोप. त्याने विचारलं, येत नाही की जास्त येते. मी म्हणालो, दोन्ही. तो म्हणाला, दोन्ही लिहायला जागा नाही, एक काय ते ठरवून या. मी भिंतीला टेकून ठरवू लागलो आणि माझे तीन नंबर गेले. चौथ्या वेळी गुरुजींनी खिडकीत हात घालून स्वतः लिहिलं, 'श्वास'.

डॉक्टरीणबाईंचं नाव सुलभाताई. नुकत्याच पुण्याकडून आलेल्या, वय सव्वीस-सत्तावीस. आपल्या लेकीच्या वयाच्या बाईला मी घोरतो हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, बाकी काही नाही, पोलीस पाटीलकीसाठी प्रकृतीचा दाखला हवा, आता आलोच आहे तर तेवढा द्या. त्या दाखला लिहायला लागणार, तोच मागून मनकर्णा बोलली. परक्या माणसांत ती कधी बोलत नाही.

"बाई, दाखला मंग द्या. याईचा श्वास थांबते. आज दोन विसा आन् तीन फेरे थांबला."

बाईंना काही कळेना. विसा म्हणजे वीस, दोन विसा म्हणजे चाळीस, हे गुरुजींनी समजावलं. पण फेरे कशाचे? जात्याचे, मनकर्णा म्हणाली. एरवी सात-आठ फेरे थांबतो. गोळी घेतल्यापासून अठरा-वीस. आज त्रेचाळीस.

सुलभाताईंनी लेखणी खाली ठेवली. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्या मनकर्णाला म्हणाल्या, "आजी, नाही, मावशी, मला ते जातं फिरवून दाखवा. अगदी घरी फिरवता तसं." आणि हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मनकर्णा दवाखान्याच्या फरशीवर एक पाय पसरून बसली. तिने हवेत खुंटा धरला, पण हात फिरेना. म्हणाली, ओवी म्हटल्याबिगर हात चालत नाही. बाई म्हणाल्या, म्हणा. तेव्हा त्या सरकारी दवाखान्यात, वजनाच्या काट्याच्या आणि कुटुंबनियोजनाच्या तक्त्याच्या मध्ये बसून, माझी बायको ओवी म्हणू लागली आणि नसलेलं जातं दळू लागली. आपल्या भावावरची ओवी होती. बाहेरची रांग दारात गोळा झाली. चिठ्ठीचा बाबू खिडकी सोडून आला. मधेच डाव्या हाताने ती नसलेल्या जात्यात नसलेली मूठ टाकत होती, ते मला अजून दिसतं. दहा फेऱ्यांना अठरा सेकंद लागले. बाईंनी कागदावर गुणाकार केला. मीही मनात केला. दोघांचं उत्तर एकदम आलं.

"सव्वा मिनिट," त्या म्हणाल्या. "सव्वा मिनिट तुमच्या छातीत हवा गेलेली नाही."

मग त्यांनी मला समजावलं, ते मला समजलं तसं लिहितो. माझं म्हणणं खरं होतं. मला झोप लागतच नव्हती. झोपेत माझा घसा सैल पडतो आणि श्वासाची वाट मिटते. हवा बंद झाली की शरीर मला थोडंसं जागं करतं, तो दचका. वाट उघडते, मी घोरतो, पुन्हा मिटते. रात्रीतून शंभर-दोनशे वेळा हे होत असेल आणि सकाळी मला त्यातलं एकही आठवत नाही. म्हणून दिवसभर पेंग. मुंबईला शिकत असताना त्यांच्या सरांनी असा एक रोगी दाखवला होता. याच्यावर औषध त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. पण एक पक्कं ठाऊक होतं.

"तो दचका तुमचा जीव वाचवतो, कडूबा. झोपेची गोळी त्या दचक्यालाच झोपवते. घसा आणखी सैल होतो, आणि जाग यायची तेवढीच उशिरा येते. आज दोन गोळ्या होत्या. मावशी दळत नसत्या तर जाग आली असती की नाही, मी सांगू शकत नाही."

 मग गुरुजींनी हळूच विचारलं की त्यांनी स्वतः त्या गोळ्या घ्याव्या की नाही. बाई म्हणाल्या, घोरत नसाल आणि तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला पाहून दिल्या असतील तर त्यांना विचारून घ्या. पण त्या तुमच्या नावाच्या आहेत, दुसऱ्याला पोटात घालायला नाहीत. गुरुजींनी मान खाली घातली. मी त्यांच्या वर्गात मान खाली घालून बसायचो, तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

बाईंनी मला नियम लावून दिले. झोपेची गोळी नाही, दारू नाही, अफूचा कसला काढा नाही. पाठीवर निजायचं नाही, कुशीवर निजायचं. बाजेची उशाकडची बाजू विटा लावून उंच करायची. पोट उतरवायचं, रोज चालायचं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. आणि दाखला?

दाखल्यावर धडधाकट असं लिहिणार नाही, त्या म्हणाल्या. मी हात जोडले. चार पिढ्यांचं सांगितलं. पंजाबरावाचं सांगितलं, शाईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाटीलकी रिकामी राहिली तर सरकार दुसरा पाटील नेमेल," एवढं म्हणून त्यांनी मनकर्णाकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. 'झोपेत श्वास थांबतो. त्यामुळे दिवसा झोप येते. उपचार चालू आहेत. सुधारणा होण्याजोगी.' शेवटचे दोन शब्द त्यांनी मला वाचून दाखवले, मला वाचता येतं हे सांगितलं तरी.

नियम पाळण्याचं काम मनकर्णाने हाती घेतलं. माझ्या बंडीच्या पाठीवर खिसा शिवला आणि त्यात एक लाकडी ठोकळा बसवला. उताणा झालो की ठोकळा पाठीत रुते आणि मी शिव्या देत कुशीवर वळे. एवढ्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने आपली बाज माझ्या बाजेशी लावली आणि उशाला काठी ठेवली. श्वास थांबला की काठी. माझी एक भाकरी कमी झाली. सकाळी अमडापूरच्या रस्त्याने जाऊन-येऊन दोन कोस चालणं, मागे ती, म्हणजे मी झाडाखाली बसू नये. आठ दिवसांनी एक गोष्ट घडली. न्हाव्याने माझे दोन्ही गाल एकाच दिवशी संपवले. तो इतका चकित झाला की त्याने वस्तरा पुसायचं सोडून मला विचारलं, तब्येत बरी आहे ना.

पेंग गेली नव्हती, पण ओसरली होती. मात्र मनकर्णाच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं. मी पाहिलं, आणि पाटीलकीच्या नादात पाहून सोडून दिलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी किसनराव एक तोड घेऊन आला. बुलढाण्यात कचेरीजवळ एक माणूस आहे, तो पाहिजे तसा दाखला मिळवून देतो. कडूबा, दुसरा दाखला लाव आणि डॉक्टरीणबाईंचा घरी ठेव. रात्रभर मी कुशीवर पडून त्याच विचारात होतो, त्यामुळे त्या रात्री काठीला काम कमी पडलं.

बुलढाण्याला मनकर्णा बरोबर आली. वाटेत मी झोपलो तर, म्हणून. प्रांत कचेरीच्या व्हरांड्यात आजूबाजूच्या गावांचे पंधरा-वीस अर्जदार बाकांवर बसले होते. सगळ्यांच्या हातात दाखले. सगळे धडधाकट. एक जण काठी टेकत आला होता, एकाला खोकल्याने बोलता येत नव्हतं, पण दाखल्याप्रमाणे दोघेही धडधाकट होते. मी बसलो नाही. बसलो तर डोळा लागेल, म्हणून अडीच तास खांबाला न टेकता उभा राहिलो. मनकर्णा पायरीवर बसून मला पाहत होती आणि दर थोड्या वेळाने दचकून डोळे उघडत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो दचका मी ओळखतो. माझाच दचका होता तो. पंधरा दिवस तिने तो माझ्याकडून घेऊन आपल्याकडे ठेवला होता. किसनरावाने सांगितलेला माणूस फाटकाजवळच्या टपरीवर होता. मी त्याच्याकडे गेलो नाही.

आत प्रांतसाहेबांनी खुर्ची दाखवली. मी म्हणालो, उभाच बरा. ते म्हणाले, का? मी दाखला पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग चष्मा काढून मला वाचलं.

"दिवसभरात हा पहिला आजारी माणूस आला," ते कारकुनाला म्हणाले. मग मला विचारलं, गावात रात्री-अपरात्री काही झालं तर तुम्ही उठू शकाल का. मी म्हणालो, "साहेब, मले उठवाले रातभर एक माणूस जागं राह्यते. पाटील मी होईन, पण जागली ते करून राह्यली." आणि पायरीकडे बोट दाखवलं.

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, यंदा नाही, कडूबा. आधी बरे व्हा. दाखला त्यांनी फायलीत लावून घेतला आणि मला चहा पाजला. धडधाकट लोकांपैकी कुणाला चहा मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आमच्या गावचं काम पंजाबरावाला मिळालं, आणि ते तिथेच, त्याच दिवशी ठरलं.

परतीच्या एस.टी.त आम्हाला मागच्या बाकावर जागा मिळाली. पंजाबराव तीन बाकं पुढे, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण चिखली मागे पडली तशी मनकर्णाची मान माझ्या खांद्यावर कलली. ती म्हणाली, "तुमी झोपू नका बरं," आणि स्वतः झोपली. मी खिडकीशी ताठ बसलो. बाहेर कपाशी फुटली होती. जरा वेळाने माझ्या खांद्याजवळून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग गाडीच्या इंजिनाला पुरून उरेल असा. मनकर्णा घोरत होती. पंधरा दिवसांची साचलेली झोप होती ती, तिला काही मोजमाप नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. मध्ये कुठे खंड नव्हता, सरळ वाहता श्वास होता. एवढं ऐकून घेतलं आणि मग मला बरं वाटलं.

गाडीतली माणसं वळून पाहू लागली. बाईमाणूस झोपलेलं, त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. पंजाबराव अर्धा उठून वळला.

"काय बे कडूबा, डोये उघडे ठेवून घोरून राह्यला काय?"

साऱ्या गाडीला हसू फुटलं. मी पदर तिच्या तोंडावरून नीट केला.

"हाव, पाटील," मी म्हणालो. "सवय हाये."

कंडक्टरने अमडापूर पुकारलं. पंजाबराव पेढे सांभाळत उतरला, खालून त्याने मला हाक मारली. मी हातानेच त्याला पुढे व्हायला सांगितलं, आणि कंडक्टरला हळू आवाजात पुढच्या गावापर्यंतची दोन तिकिटं मागितली.